हळू गाणारी जोडी

वाशीत त्या काळी राहायला आलेल्या कुणालाही विचारा, 'नंदकमळ' म्हटलं की तो आधी जांभई देईल आणि मग हसेल. जांभई खरी आणि हसू प्रेमाचं. हे काही औषधाचं नाव नाही बरं का. ही गाणारी जोडी होती. नंदकुमार खानोलकर आणि कमळाकर म्हात्रे. एक मूळचा कोकणातला, तिथल्या कारखान्यांच्या पट्ट्यातल्या एका केमिकल कंपनीत टाइम ऑफिसात क्लार्क, चष्मा, अंगात हाडं जास्त आणि मांस कमी. दुसरा शिरवण्याचा आगरी, त्याच कंपनीत बॉयलरवर, कारण कंपनी उभी होती ती त्याच्या बापाच्या भातशेतीवर. दोघं भावगीतं गायचे, लोकगीतं गायचे, आणि काहीही गायले तरी ते इतकं हळू गायचे, की ऐकणाऱ्याच्या पापण्या आपोआप जड व्हायच्या.

आता एवढा दणकट आगरी गडी हळू का गातो, हा प्रश्न लोकांना पडायचा. नंदकुमारला पडत नव्हता. त्याला उत्तर माहीत होतं, आणि ते त्याने पोटात घट्ट दाबून ठेवलं होतं.

ओळख झाली ती कंपनीच्या दसऱ्याला. यंत्रांची पूजा झाली, पेढे वाटले, आणि मग 'कामगारांचे कलागुण' असा कार्यक्रम. कार्यक्रम बसवला होता नंदकुमारने, पेटीवरही तोच. एकाने नकला केल्या, एकाने बासरी वाजवता वाजवता सोडून दिली, आणि मग बॉयलरवरचा म्हात्रे उठला. माइकसमोर उभा राहिला, छाती भरून घेतली आणि आवाज सोडला. अहो, काय आवाज! माइक किंचाळला, कर्णा खरखरला, मोठ्या साहेबांच्या बायकोने दोन्ही हात कानांवर ठेवले आणि तिच्या मांडीवरचा पेढा खाली पडला. नंदकुमार पेटीवरून अर्धा उठून म्हणाला, "अहो म्हात्रे, हळू! माइक आहे ना!"

कमळाकरने माइककडे वळून पाहिलं. "म्हंजे ह्यो हलू गानाऱ्यांसाठी हाय?"

"हो."

"मंग आदी सांगाचा ना राव."

आणि तो हळू गायला लागला. अगदी हळू, समोर बसलेल्या एखाद्याला सांगितल्यासारखा. नंदकुमारला काय वाटलं कोण जाणे, त्याने कमळाकरच्या आवाजाखाली आपला आवाज घातला. त्याचा आवाज तसा गोड, सुरेल, पण एवढासा. शाळेत गॅदरिंगला बाईंनी त्याला सांगितलं होतं, खानोलकर, मागच्या बाकांपर्यंत पोचत नाही रे. लग्नात मंगलाष्टकं म्हणायला गेला तर भटजींच्या खोकल्यात बुडाला. असा जन्मभर कुठे न पोचलेला आवाज त्या दिवशी पहिल्यांदा सगळ्या शेडला ऐकू आला. कामगार गप्प झाले. गाणं संपल्यावर टाळ्या पडल्या तेव्हा नंदकुमारच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि त्याच क्षणी त्याला कळून चुकलं होतं, की आपण ऐकू आलो ते शेजारचा मोठा आवाज खाली वाकला म्हणून.

दुसऱ्याच रविवारी त्याने कमळाकरला घरी बोलावलं. वाशीतला नवा फ्लॅट, एक खोली आणि स्वयंपाकघर. मधली भिंत अशी, की शेजारच्या विमलबाई खोकल्या तर इकडून वैजयंती विचारायची, "काढा घेतला का हो?" वैजयंती म्हणजे नंदकुमारची बायको. त्यांची सुमेधा तेव्हा पाळण्यात होती, आणि झोपेच्या बाबतीत भलतीच कडक. पेटीचा पहिला सूर निघाला आणि पोरीने भोकाड पसरलं.

"हे बघा," वैजयंती दारात उभी राहून म्हणाली, "गायचं तर खुशाल गा. पण ती उठली तर तुम्हीच निजवायची. भावजी, तुम्हालाही सांगतेय."

"नाय वहिनी, आमी हलूच गातू," कमळाकर म्हणाला.

नंदकुमारने पेटीवर टॉवेलाची घडी ठेवली. कमळाकर चटईवर गुडघे पोटाशी घेऊन बसला, आणि ज्याची हाक भातशेतातून खाडीच्या बांधापर्यंत जायची तो माणूस घशातल्या घशात गाऊ लागला. पोरगी झोपलीच, वर वैजयंतीलाही तांदूळ निवडता निवडता डुलकी लागली. 'नंदकमळ'ची सगळी गायकी ही अशी तयार झाली. जाणकार पुढे म्हणाले, की या दोघांच्या गाण्यात काय संयम आहे! संयम कसला डोंबलाचा, पोरगी उठेल म्हणून गात होते.

गंमत पुढेच आहे. पोरगी मोठी झाली. बालवाडीत गेली, पहिलीत गेली, चौथीत गेली. पण रविवारी कमळाकर आला की नंदकुमार टॉवेलाची घडी काढायचा, पेटीवर ठेवायचा आणि ओठांवर बोट ठेवून म्हणायचा, "हळू."

"आता कुणाची झोप मोडणार आहे?" वैजयंती विचारायची. "ती तर खाली लगोरी खेळतेय. सगळ्या सोसायटीत तिचाच आवाज आहे."

"सवय बिघडायला नको," नंदकुमार चष्मा पुसत म्हणायचा.

कमळाकर मान खाजवायचा, चहा बशीत ओतायचा आणि गायला बसायचा.

त्यांच्या गाण्यांतली अर्धी होती नंदकुमारने चाल लावलेली भावगीतं, चंद्र आणि सावली आणि कुणाची तरी वाट पाहणं, असली. उरलेली अर्धी कमळाकरची, म्हणजे खरं तर त्याच्या सखूआत्याची. सखूआत्या शिरवण्याची धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात धवले गाऊन लग्न लावणारी बाई ती, तिच्याशिवाय पान हलत नाही. भात लावतानाची, मिठागरावरची, पोरी सासरी पाठवतानाची गाणी तिच्या तोंडात अशी, की एकदा सुरू झाली की तिला थांबवायला जेवायला वाढावं लागे. कमळाकर ती गाणी घेऊन यायचा, नंदकुमार त्यांना पेटीवर मऊ करायचा. आत्याने एकदाच वाशीच्या गणपतीत त्यांचं गाणं ऐकलं. मंडपाबाहेर आल्यावर तिने काळजीने विचारलं, "कमल्या, तुमी दोगं आजारी हाव का रं?"

तरी जोडी चालली. सोसायट्यांचे गणपती, हळदीकुंकू, ग्रंथालयाचं उद्घाटन, एका साहेबांचा निरोप समारंभ. या शेवटच्या ठिकाणी खुद्द साहेबच झोपले, आणि उठल्यावर म्हणाले, इतकी शांत झोप नोकरीत कधी लागली नव्हती. आता हे कितपत खरं कोण सांगणार! रेडिओवरही दोनदा गायले. आणि मग एक दिवस टीव्हीवरून बोलावणं आलं.

टीव्ही म्हणजे केवढी गोष्ट! कमळाकरने वाशीच्या शिंप्याकडून सफारी शिवून घेतला, मोहरीच्या रंगाचा, चार खिशांचा. नंदकुमारने झब्बा-पायजमा कडक इस्त्री करून पिशवीत घेतला. स्टुडिओत गेले तर तिथल्या माणसाने दोघांना वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, "लोकगीत आहे ना? मग लोकवेश हवा." आणि त्याने कोळ्यांचे दोन वेश पुढे केले. लाल टोपी, गंजी, कमरेला चौकटीचा रुमाल. बस्स, एवढंच.

कमळाकरने हात मागे घेतले. "साहेब, मी आगरी हाय, कोळी नाय. आनि मी टीव्हीत ह्या रुमालात दिसलू तर शिरवन्यात लोकां इचारतील, नोकरी गेली का? मी सफारीच घालीन."

"एक तरी लोकवेशात पाहिजे," तो माणूस म्हणाला.

दोघांनीही नंदकुमारकडे पाहिलं. टीव्हीवर दिसायला मिळतंय म्हटल्यावर नंदकुमारने वाघाचं कातडंही पांघरलं असतं. त्याने टोपी घातली. रुमाल बांधला. चष्मा काढला तर पेटीच्या पट्ट्या दिसेनात म्हणून चष्मा परत चढवला. असा तो सगळा थाट झाला. शेतात जन्मलेला आगरी सफारीत, आणि टाइम ऑफिसातला कारकून उघड्या पायांनी.

कार्यक्रम लागला त्या संध्याकाळी अर्धी बिल्डिंग विमलबाईंच्या घरी जमली होती. गाणं सुरू झालं. सगळे कौतुकाने बघतायत, आणि दुसऱ्या कडव्याला त्या कॅमेऱ्याला काय अवदसा आठवली, तो हळूहळू खाली उतरला. पेटीवरून मांडीवर, मांडीवरून पोटऱ्यांवर. तिथेच थांबला. कडवं संपेपर्यंत सगळ्या मुंबईने नंदकुमार खानोलकरच्या काड्यांसारख्या पायांचं दर्शन घेतलं. "बाबा, तुमचे पाय!" सुमेधा ओरडली. विमलबाईंनी पदर तोंडात कोंबला. वैजयंती आत पाणी प्यायला गेली ती बराच वेळ बाहेरच आली नाही. आतून तिचा खोकल्यासारखा आवाज येत होता.

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या गेटवर वॉचमनने सलाम ठोकून विचारलं, "पाय बरे आहेत ना साहेब?" पण खोटं कशाला बोला, जोडी नावारूपाला आली ती त्या पायांमुळेच. बोलावणी वाढली. फोनवर लोक विचारायचे, "ते पायवाले पण येतील ना?"

त्याच वाऱ्यावर दादरच्या अरविंदशेठनी त्यांची कॅसेट काढली. शेठचं रेकॉर्डिंगचं छोटंसं दुकान होतं, आणि आवाज ओळखण्यात त्यांचा कान पक्का. कॅसेट खपली, पण कशी? बायका ती तान्ह्या पोरांना निजवायला लावायच्या. वाशीतल्या एका डॉक्टरांनी ती दवाखान्यात सुरू ठेवली, म्हणाले, पेशंटचं ब्लडप्रेशर आपोआप उतरतं. भाजी घेताना एका बाईने नंदकुमारला थांबवलं आणि अगदी मनापासून सांगितलं, "तुमची कॅसेट फार छान आहे हो. दुसऱ्या बाजूला काय आहे ते मात्र आम्हाला अजून ठाऊक नाही. पहिल्याच बाजूला झोप लागते."

नंदकुमार घरी येऊन धुसफुसला. "आपण काय अफूची गोळी आहोत?"

"अरं, झोप कवा लागते?" कमळाकर म्हणाला. "सुख लागतं तवा. भांडन आयकून कोनी झोपतं का?"

त्याचं बोलणं असं होतं. नंदकुमारचा राग उतरला, आणि त्याने पेटीवर टॉवेल ठेवला.

असं चाललं होतं. आणि एक दिवस टाइम ऑफिसात अरविंदशेठचा फोन आला.

"खानोलकर, परवा मी बोनकोड्याला एका लग्नात गेलो होतो. तिथे तुमचा कमळाकर गात होता. अहो, तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत! मांडव हलवला माणसाने. बिनामाइकचा! हल्ली असल्याच गाण्यांना मागणी आहे, हळदीला नाचायची गाणी. मला त्याची एकट्याची कॅसेट काढायची आहे."

"एकट्याची?" नंदकुमार म्हणाला.

"मग काय! पेटी, ढोलकी, कोरस, सगळी माणसं आहेत माझ्याकडे. तुम्ही फक्त निरोप द्या. तुमचं ऐकतो तो."

फोन ठेवून नंदकुमार हजेरीचं पुस्तक उलटं धरून बसला. इतकी वर्षं ज्याला टॉवेल घालून दाबला, तो आवाज शेवटी बाहेर पडलाच. आता कमळाकर एकटा गाणार, मोठ्याने गाणार, आणि त्याला कळणार, की शेजारच्या या चष्मेवाल्याची आपल्याला कधी गरजच नव्हती. मग आपण काय? परत मागच्या बाकांपर्यंत न पोचणारे खानोलकर.

आता सरळ माणसाने काय केलं असतं? निरोप दिला असता. नंदकुमारही सरळच माणूस, पण निरोप काही त्याच्या तोंडातून बाहेर पडेना. पहिल्या रविवारी मनाशी म्हणाला, आज कमळाकर पाळी करून आलाय, दमलाय. पुढच्या रविवारी म्हणाला, पाहुणे आहेत. त्याच्या पुढच्या रविवारी ना पाळी ना पाहुणे, तर याने स्वतःचा घसाच बसवून घेतला. कमळाकर यायचा, चहा प्यायचा, एकदोनदा नंदकुमारच्या तोंडाकडे बघायचा आणि गायला बसायचा. आणि गाता गाता नंदकुमारचा सूर घसरायला लागला. जेवणात लक्ष नाही. सुरमई ताटात तशीच टाकून उठला, तेव्हा मात्र वैजयंतीने त्याला धरला.

"सुरमई टाकलीत? काय झालंय ते सांगा."

त्याने सगळं सांगितलं. शेठचा फोन, निरोप, सगळं. वैजयंती ऐकत राहिली. तिला चेष्टा करायची सवय, पण या वेळी केली नाही.

"तो गेला तर आपल्याला कोण ऐकणार, ही भीती आहे ना?"

नंदकुमारने मान हलवली.

"असू दे भीती. पण न सांगता त्याच्या शेजारी बसून गाल, तर त्याच्याकडे बघाल कसं? त्यापेक्षा उद्याच शिरवण्याला जा आणि सांगून या. मग गाणं राहो नाहीतर जावो." आणि थोड्या वेळाने म्हणाली, "आणि ती सुरमई मी मांजराला घालणार नाहीये. बसा आणि संपवा."

दुसऱ्या दिवशी रविवारच होता. कमळाकरच्या पुतणीचं लग्न जवळ आलं होतं, आणि आज त्यांच्या दारात मांडव पडणार होता. नंदकुमार याआधी शिरवण्याला लग्नाकार्याला गेला होता, पण जेवणाच्या वेळेला जायचा आणि पान उचललं की बस पकडायचा. आज सकाळीच हायवेला उतरला आणि गावाकडे चालू लागला. मनात वाक्यं जुळवत होता. 'कमळ्या, एक निरोप द्यायचा राहिला.' छे. 'कमळ्या, तुझ्यासाठी आनंदाची बातमी आहे.' तेही नाही.

गाव अजून पुढे होतं, तेवढ्यात आवाज आला.

आधी त्याला कळलंच नाही कुणाचा. पहिल्या घरापाशी आला तेव्हा कळलं. कमळाकर गात होता. माइक नाही, पेटी नाही, काही नाही. मोकळा गळा. तेच गाणं, आत्याचं, पोरगी सासरी पाठवतानाचं, जे नंदकुमारने पेटीवर मऊ मऊ करून कॅसेटच्या पहिल्या बाजूला घातलं होतं. इथे ते मऊ नव्हतं. इथे ते सगळ्या गावावर पसरलं होतं. एक ओळ कमळाकर टाकायचा, मांडवाचे बांबू उभे करणारे पुरुष ती उचलायचे, आणि तालावर बांबू वर चढायचा.

नंदकुमार विहिरीपाशी उभा राहिला. त्याला हेवा वाटला, खूप वाटला. त्याहून जास्त लाज वाटली. आणि या दोन्हींच्या वर, त्याची इच्छा नसताना, अभिमान वाटला. हा आपला कमळाकर! पुढची सगळी जुळवलेली वाक्यं तो विसरला.

शिडीवर चढून नारळाच्या झावळ्या बांधणाऱ्या कमळाकरला तो दिसला नाही. अंगणात बायकांत बसून तांदूळ पाखडणाऱ्या सखूआत्याला दिसला. "कमल्या, उतर खाली. तुजा पेटीवाला आयलाय."

गाणं थांबलं. कमळाकर शिडीवरून उतरला, हात झटकले, गालातल्या गालात हसला. "आयलास? मना वाटला, पुतनीच्या पोराच्या बारशाला येशील."

"कमळ्या, अरविंदशेठचा फोन आला होता," नंदकुमार उभ्याउभ्याच म्हणाला. "बरेच दिवस झाले. त्यांना तुझी एकट्याची कॅसेट काढायचीये. मी तुला सांगितलं नाही."

"मना म्हाईत हाय."

"काय?"

"बोनकोड्याला शेठ मलाच पयला भेटला. मी बोललू, नंदाला इचारा, तो सांगंल. म्हनून त्यानं तुला फोन केला. तवापासून बघतोय मी, नंदा आज बोलतो, का उद्या बोलतो. दर अयतवारी तुज्या तोंडाकडं बघून चा प्यालो. तुजा तर घसाच बसला!"

बायका हसल्या. नंदकुमारला वाटलं, विहिरीत उडी टाकावी. पण आता अर्धं बाहेर आलंच होतं, म्हटलं उरलेलंही येऊ दे.

"तू जा," तो म्हणाला. "एकटा गा. असाच गा, आत्ता गात होतास तसा. कमळ्या, मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं तुझा आवाज केवढा आहे ते. दसऱ्याच्या दिवसापासून. तू मोठ्याने गायलास तर मी ऐकू येणार नाही, म्हणून मी तुला हळू म्हणत राहिलो. सुमेधाचं आपलं निमित्त."

कमळाकर मोठ्याने हसला. "ते मना कळत नव्हता का? पोरगी चवथीत गेली तरी आपली झोपलेलीच! अशी कोनची पोरगी असते?"

"मग तू का गायलास हळू?"

या प्रश्नावर मात्र कमळाकरचं हसणं थांबलं. त्याने मान खाजवली. झावळीचं पान तोडलं, त्याची गाठ मारली, सोडली. सगळं अंगण त्याच्याकडे बघत होतं.

सखूआत्याने सूप खाली ठेवलं. "त्यात इचारासारका काय हाय? लगीन झाल्यावं बाप्या बायकोसंगं बाजारला चालतो, तवा हलूच चालतो का नाय? त्याला काय पाय नसतात?"

अंगणात असा काही हशा उसळला, की वर बांबू धरलेल्या माणसाच्या हातून बांबू निसटला. कमळाकर लाजून लाल झाला, नंदकुमारही झाला. कोण नवरा आणि कोण बायको, यावर बायकांचे लगेच दोन तट पडले. बहुमत नंदकुमार बायको असंच होतं.

हशा ओसरल्यावर कमळाकर हळूच बोलला. "मोठ्यानं गायला मना शेत व्हता, खाडी हाय, मांडव हाय. सगला गाव आयकतो. तुला कुठं हाय नंदा? तुला तेवढी ती चटई. तितं बी मीच ओरडलू असतू तर तू कवा गायला असतास?" मग जरा थांबून म्हणाला, "आनि फुकट नाय गायलू मी. आत्याच्या गान्यात रडू हाय, ते मना इतं कवाच आयकू नाय आला. इतं सगली ओरडतात. तुज्याकडं हलू गायलू, तवा आयकू आला."

नंदकुमारने चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, परत घातला, परत काढला.

पुढे काय झालं ते सांगून टाकतो. कमळाकरची एकट्याची कॅसेट निघाली आणि बेलापूरपासून बोनकोड्यापर्यंत एकही हळद तिच्याविना झाली नाही. शेठच्या पेटीवाल्याला कमळाकरने पहिल्याच दिवशी परत पाठवलं आणि पेटीवर नंदकुमारला बसवलं. आणि रविवारी वाशीच्या त्या फ्लॅटमध्ये दोघं पूर्वीसारखे हळूच गात राहिले, आता कुणाचंही निमित्त न सांगता. पण हे सगळं नंतरचं.

त्या दिवशी सखूआत्याने हुकूम सोडला, की पेटीवाला रिकाम्या हाताने आलाय तर निदान गाऊन तरी जाऊ दे. दोघं अर्ध्या उभ्या मांडवात शेजारी शेजारी उभे राहिले. कमळाकरने सवयीने नंदकुमारकडे पाहिलं आणि सवयीनेच आवाज खाली घेतला. नंदकुमारने मान हलवली. "तसं नाही. वर घे. अजून वर."

कमळाकरने छाती भरून घेतली आणि गळा सोडला. आणि नंदकुमार खानोलकर, जन्मात कधी ओरडला नव्हता तो माणूस, मानेच्या शिरा ताणून, डोळे मिटून, तोंड उघडता येईल तेवढं उघडून त्याच्याबरोबर गायला. सूर गेला. श्वास पुरेना. मध्येच आवाज चिरकला. बायका हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडल्या. तो काय गातोय ते मांडवातल्या एकालाही ऐकू येत नव्हतं, त्याला स्वतःलाही येत नव्हतं. त्याला फक्त कमळाकर ऐकू येत होता, आणि तो थांबला नाही.